कूलरवरच्या माश्या आणि खिशातला फ्यूज

कूलरचं बटण मी दाबलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला वाटायला नको की बाई स्वतःची चूक पदराखाली झाकतेय.

आमच्या जळगावात कूलरशिवाय उन्हाळा काढणं म्हणजे काय, हे इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. दुपारी बाहेर पाय ठेवला तर चप्पल डांबराला चिकटते आणि घरात पंखा लावला तर तो गरम हवाच ढवळत बसतो. म्हणून घरोघरी खिडकीबाहेर एक लोखंडी कूलर असतो, तोंड घरात आणि पाठ गॅलरीत. हे धूड पावसाळ्यात कुणी उचलून आत ठेवत नाही. ताडपत्री टाकायची, सुतळीने आवळायची आणि आठ महिने विसरून जायचं. आमच्या कॉलनीत सगळे असंच करतात. त्या ताडपत्रीखाली कोण कोण संसार थाटतं ते बघायला कुणाला वेळ आहे! मग होळीच्या आसपास एका दुपारी अंगाची लाही होते आणि सगळ्यांना एकदम कूलर आठवतो.

आमचे हे वीज खात्यात लाइनमन होते. उभा जन्म खांबावर गेला. वादळ असो की पाऊस, फोन आला की खांद्याला पिशवी लावून निघाले. त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी घरातही लागू केला होता. वर माणूस असला तर खालच्याने त्याची हाक आल्याशिवाय सप्लाय सोडायचा नाही. शिवाय काम चालू असेपर्यंत फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा, म्हणजे कुणी शहाणा मधेच येऊन लावणार नाही. घरात बल्ब बदलायचा असला तरी हे सगळे सोपस्कार व्हायचे. मी वैतागायचे. "अहो, बल्बच आहे तो, डीपी नाही!" तर म्हणायचे, "मरायला बल्बसुद्धा पुरतो."

गांधीलमाश्यांशी त्यांची जुनी ओळख होती. डीपीच्या पेटीत, खांबावरच्या लोखंडी कोपऱ्यात त्यांची पोळी असायचीच. चावली की त्या जागेवर पक्कड घासायची, एक शिवी हासडायची आणि पुन्हा वर चढायचं. संध्याकाळी सुजलेला कान घेऊन घरी आले की मला हसू यायचं आणि त्यांनाही.

गेल्या वर्षी होळी होऊन आठेक दिवस झाले असतील. भर दुपार होती. मी गॅसपुढे उभी राहून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होते आणि घाम भाकरीत पडेल की काय अशी गत झाली होती. हे गॅलरीत होते. ताडपत्री काढली, कूलरच्या मागे जाऊन टाकीत पाइप सोडला. नुसतं पाणीच भरायचं म्हणून त्या दिवशी फ्यूज तेवढा काढला नव्हता. पाण्याचा आवाज ऐकला आणि मला राहवलंच नाही. पिठाचे हात पदराला पुसले, खोलीत आले आणि बटण दाबलं. हाक आली नव्हती. मी वाटही बघितली नव्हती.

पंखा घरघरला आणि मागून त्यांचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते, नुसतं "अरे अरे अरे". कूलरच्या आत, वरच्या पत्र्याला, हाताच्या पंजाएवढं पोळं होतं. पंखा फिरताच सगळ्या गांधीलमाश्या मागच्या जाळीतून बाहेर पडल्या आणि मागे हे उभे होते. मानेवर, कानावर, पापणीवर मिळून सात ठिकाणी डसल्या.

ते आत आले तेव्हा हसत होते हो! म्हणाले, "पक्कड आण." मी आणली, घासली. दहा मिनिटांत अंगभर गांधी उठल्या. ओठ सुजले. मग ते काहीतरी बोलायला गेले आणि आवाजच फुटेना. घशाला हात लावून नुसते माझ्याकडे बघत राहिले. तो चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही.

शेजारच्या भाभी धावल्या. मूळच्या राजस्थानच्या, कॉलनीच्या तोंडाशी त्यांचं किराणा दुकान आहे. त्यांनी स्कूटी काढली, हे मधे आणि मी मागून त्यांना कवटाळून, अशी आमची वरात दवाखान्यात पोचली. इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं, ऑक्सिजन लावला. संध्याकाळी आवाज परत आला तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी विचारलं, "याआधी कधी चावल्या होत्या का?"

"शंभरदा," हे म्हणाले.

"त्यामुळेच," डॉक्टर म्हणाले. शरीर सोसत सोसत एक दिवस उलटतं, असं त्यांनी समजावलं. आता एकसुद्धा चावून घ्यायची नाही. इंजेक्शनचं छोटं पाकीट कायम जवळ ठेवायचं, चावलीच तर ते टोचून लगेच दवाखाना गाठायचा, पक्कड-चुना करत बसायचं नाही. मधमाशीचं विष वेगळं असतं, पण तिचीही परीक्षा बघू नका, असं वर सांगितलं.

त्या दिवसापासून या माणसाने गॅलरीत पाऊल टाकलं नाही.

ऐकायला साधं वाटतं. पण त्यांचं निवृत्तीनंतरचं सगळं आयुष्य रस्त्यापासून चार पायऱ्या उंच असलेल्या त्या गॅलरीत होतं. सकाळचा चहा तिथे. खुर्ची तिथे, लाकडी टेबल तिथे, त्यावर कॉलनीभरच्या बिघडलेल्या इस्त्र्या, मिक्सर, बायकांच्या शिलाई मशीनच्या मोटारी. कुणाकडून दमडी न घेता दुरुस्त करायचे आणि खालून जाणाऱ्या प्रत्येकाशी बोलायचे. ते सगळं बंद पडलं. गॅलरीचं दार बंद, खिडकी बंद, कूलर बंद. गेला उन्हाळा आम्ही ओल्या चादरी अंगावर घेऊन काढला. एसीत त्यांची हाडं ठणकतात, म्हणून तोही विषय नाही. मी विचारलं की म्हणायचे, "दोघंच तर आहोत, भागतंय की." भागत काही नव्हतं. खांबाच्या टोकावर बसून बिडी ओढणारा माणूस खोलीत घरमाशी आली तरी उठून उभा राहायला लागला होता.

बटणाबद्दल ते मला एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते, भांडले असते तर मीही चार शब्द ऐकवले असते आणि मोकळी झाले असते. पण नाही. तेव्हापासून कूलरच्या बटणाला मी बोटही लावलं नाही.

यंदा प्रश्न आला तो आखाजीचा.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आम्हा खानदेशातल्या बायकांना विचाराल तर आखाजी म्हणजे माहेर. झाडाला झोके बांधायचे, सांजोऱ्या तळायच्या आणि लेकीने चार दिवस आईच्या घरात लोळायचं. आमची एकुलती एक लेक शिरपूरला दिली आहे. तिचं पहिलं बाळंतपण खरं तर इथे व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली म्हणून मीच तिकडे जाऊन राहिले. मुलगी झाली. हे बारशाला आले, गाडीच्या काचा चारही बाजूंनी बंद करून, आणि त्याच दिवशी परत गेले. म्हणजे नात चार महिन्यांची झाली तरी तिने आजोळचा उंबरा ओलांडला नव्हता.

मार्चच्या शेवटी लेकीचा फोन आला. "आई, आखाजीला यायचं फार मनात आहे गं. पण बाळाला इथेच घामोळ्या आल्यात. तुमच्याकडे कूलर चालू नसेल तर मी तिला कशी आणू? बाबांना काही म्हणू नकोस, मी पुढच्या वर्षी येईन."

पुढच्या वर्षी! मी फोन ठेवला आणि तडक कूलर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. यांना विचारलंसुद्धा नाही. त्याने कूलर आतून झटकून बघितला, जुन्या गवताच्या जागी नवं गवत भरलं, टाकी भरली आणि चालू करून दिला. हे आतल्या खोलीत दार लावून बसले होते. गार वारा लागल्यावर दार हळूच उघडलं. मी मनात म्हटलं, चला, जमलं.

चार दिवस सुखाचे गेले. पाचव्या दिवशी दुपारी खिडकीच्या काचेतून बघते तर कूलरच्या ओल्या गवतावर मधमाश्या! एक-दोन नाही, चाळीस-पन्नास. आमच्या घरामागच्या पाण्याच्या टाकीखाली आग्यामोहोळ लागतं, तिथल्याच असणार. एप्रिल लागला की नाले आटतात, मग त्यांनाही कूलरचा पत्ता सापडतो. त्या बिचाऱ्या नुसत्या पाणी पीत होत्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण यांनी ते बघितलं, पांढरेफटक पडले आणि तडक जिन्याखालच्या बोर्डाकडे गेले. कूलरचा फ्यूज उपसला आणि शर्टाच्या खिशात घातला.

मी खवळलेच. "लावा तो परत!"

"नाही."

"अहो, गांधीलमाश्या नाहीत त्या! मधमाश्या आहेत. पाणी प्यायला आल्यात."

"माशी ती माशी."

"आणि नात? ती पुढच्या वर्षी, मग त्याच्या पुढच्या वर्षी? तुम्ही इथे दार लावून बसणार आणि पोरीने माहेर विसरायचं का? लाइनमन होतात ना तुम्ही?"

हे शेवटचं मी बोलायला नको होतं. तेव्हा पहिल्यांदा, वर्षभरात पहिल्यांदा, ते म्हणाले, "हाक दिली होती का मी?"

बस, एवढंच. मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून रडले. खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं. एकदाचं बाहेर आलं होतं ते.

संध्याकाळी मी अक्कांना फोन लावला. अक्का म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई, धरणगावकडच्या खेड्यात असतात. पंचाहत्तरी उलटली तरी ढोरांचा हौद अजून स्वतः भरतात. मी सांगायला लागले की कूलरवर माश्या येतात, हाकलल्या तरी परत येतात, यांनी तर फ्यूजच काढलाय. त्यांनी मला पुरतं बोलूही दिलं नाही, त्यांची अहिराणी सुरूच झाली.

"पानी शे तठे त्या येतीनच ना बई. त्यास्ले काय तीस लागत नही का? हाकलू नको त्यास्ले. आपला हौदवर कसं करतस आपन?"

तहान माश्यांनाही लागते हे खरं, पण हौदावर काय करतात ते मला खरंच आठवत नव्हतं. मग त्यांनी सांगितलं. उन्हाळ्यात हौदाच्या काठावर माश्या बसतात, गुरं पाणी प्यायला तोंड घालतात आणि नाकाला डंख खातात. म्हणून हौदाच्या एका कोपऱ्याला ओलं गोणपाट टाकायचं. माशीला उघड्या पाण्यापेक्षा ओलं गोणपाट आवडतं, बुडायची भीती नाही. एकदा तिथे बसायची सवय लागली की ती दुसरीकडे बघत नाही. त्यात चिमूटभर मीठ घातलं तर अजूनच खूश.

"पन एकदम लांब नको ठेवू," अक्का म्हणाल्या. "आधी कूलरलेच लाई ठेव. मंग रोज एक हात सरकाव. एकच हात. आन भाऊले सांग, आखाजीले पोर माहेरले उनी पाहिजे."

आखाजीला सतरा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे, माश्या यायच्या आधी, मी कूलरची टाकी रिकामी केली आणि गवत वाळू दिलं. एका पसरट घमेल्यात चार दगड, त्यावर गोणपाट, पाणी, चिमूटभर मीठ. घमेलं कूलरला अगदी चिकटवून ठेवलं. दुपारी माश्या आल्या. कोरड्या गवतावर घिरट्या घातल्या, गोंधळल्या, मला वाटलं गेल्या आता निघून. तेवढ्यात एक गोणपाटावर उतरली. मग दुसरी. तासाभरात अख्खी पंगत बसली.

मग रोज पहाटे एक हात. मी पंचावन्न वर्षांची बाई, डोक्याला ओढणी गुंडाळून, घमेलं उचलून वीतभर चुकते की काय म्हणून हाताने माप घेते! खालून जाणाऱ्या एकीने विचारलंसुद्धा, "काकू, वास्तू बघताय का?" मी म्हटलं, "हो, माश्यांची."

हे खिडकीच्या काचेआडून बघायचे. बोलायचे नाहीत, पण बघायचे. तिसऱ्या दिवशी मला उठायला उशीर झाला. घमेलं उचललं तेव्हा दोन-चार माश्या आधीच येऊन बसल्या होत्या आणि एक माझ्या बोटाखाली आली. आई गं! असा चटका की घमेलं हातातून सुटायचंच बाकी राहिलं. ओरडले मात्र नाही. यांना कळलं तर सगळंच मुसळ केरात, म्हणून ओठ दाबून उभी राहिले आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत ते बोट धरलं.

खिडकी सरकल्याचा आवाज आला.

कूलरशेजारची, वर्षभर न उघडलेली ती दुसरी खिडकी, कडेला धूळ साचून घट्ट झालेली. चार बोटांची फट पडली आणि आतून यांचा आवाज आला, "चिमटीत धरू नकोस! नखाने खरवड. काटा आत राहिलाय तिचा, दाबलास तर विष आत जाईल."

मी नखाने खरवडलं. बारीकसा काटा निघाला.

"चक्कर येतेय का? घसा दाटतोय का? ओठ बघू."

"काही नाही हो. नुसतं झोंबतंय."

"अर्धा तास माझ्यासमोर बस," ते म्हणाले. आत गेले, बर्फ आणला आणि त्या फटीतून माझ्या हातात दिला. मी गॅलरीत पायरीवर बसले आणि ते आत खिडकीशी. अर्धा तास ते माझा चेहरा निरखत होते आणि मला त्या दिवशीचा त्यांचा चेहरा दिसत होता. खिडकी मात्र त्यांनी लावली नाही. मला वाटतं ते विसरले.

त्यानंतर आम्ही बोलायला लागलो, म्हणजे खिडकीतून. ते सूचना द्यायचे, मी चिडायचे. "गोणपाट वाळलंय, पाणी घाल." "दिसतंय मला." "आज दीड हात सरकवलंस." "एकच सरकवलंय, येऊन मोजा." यावर खिडकीतून मागे सरायचे. नवव्या दिवशी घमेलं गॅलरीच्या कठड्यापाशी पोचलं. पुढे कुठे न्यायचं? कठड्याला लागूनच भाभींच्या कंपाउंडची भिंत आहे, त्यांच्या शेवग्याच्या सावलीत. मी भीतभीत विचारलं. मनात म्हटलं, माश्यांना आपल्या भिंतीवर कोण बोलावून घेईल?

भाभी त्यांच्या मारवाडी वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "अहो ताई, पाणी पाजण्यात आपलं काय जातं? मी चिमण्यांना ठेवते, त्यांना पण ठेवू. फक्त मारायचं नाही कुणाला."

भिंत रुंद होती. तिच्यावरूनही घमेलं रोज हातभर पुढे जात राहिलं आणि पंधराव्या दिवशी शेवग्याखाली थांबलं. मी कूलरच्या तिन्ही बाजूंना बारीक जाळी बसवली. घमेल्यावर रोज दुपारी माश्यांची जत्रा भरायची आणि आमच्या कूलरकडे एक-दुसरी भटकी सोडली तर कुणी फिरकायचं नाही. मी लेकीला फोन करून सांगितलं, "ये." फ्यूज अजून यांच्या खिशात होता, तरी सांगितलं. आखाजीच्या आदल्या दिवशी, दुपारपर्यंत ती पोचणार होती.

त्या दिवशी सकाळी सहाला मी टॉर्च घेऊन कूलर तपासायला गॅलरीत गेले. गेल्या वर्षीची चूक पुन्हा करायची नव्हती. मागची एक बाजू काढली आणि टॉर्च वर मारला. वरच्या पत्र्याला, त्याच जागी, नवं पोळं. लहानच होतं, रुपयाएवढं, आणि त्यावर एकटी एक गांधीलमाशी पंख मिटून बसलेली. पुरती गुंतले होते मी त्या मधमाश्यांत, आणि ही बया जाळी बसवायच्या आधीच मागच्या मागे आत शिरून घर बांधत होती.

मला रडूच कोसळलं. पंधरा दिवस हातहात मोजलं आणि पुन्हा तिथेच! आता हे काही फ्यूज देत नाहीत. दुपारी पोर बाळाला घेऊन येईल, घामाघूम होईल आणि संध्याकाळी परत जाईल. मी तिथेच खाली बसले.

"काय झालं?" खिडकीतून आवाज आला.

खोटं बोलावं असं एकदा मनात आलं. पण मी म्हटलं, "गांधीलमाशी आहे आत. एकच आहे. पोळं लहान आहे."

पावलं खिडकीपासून दूर गेली. मला वाटलं गेले आतल्या खोलीत. मग गॅलरीच्या दाराची कडी वाजली. दार उघडलं आणि दारात हे. डोक्यावर नोकरीतलं पिवळं हेल्मेट, हातात कोपरापर्यंतचे रबरी मोजे, गळ्यापासून पायापर्यंत झाकलेले आणि छातीच्या खिशात इंजेक्शनचं पाकीट. रडता रडता मला हसू फुटलं.

"हसू नकोस. काचेची बरणी आण. आणि जाड पुठ्ठा."

"तुम्ही आत व्हा आधी. मी करते."

"तूच करायचं आहेस. मी दारातून सांगतो." ते दारातून हलले नाहीत. "सकाळची वेळ आहे, अंग गारठलेलं असतं, लगेच उडत नाही ती. बरणी सरळ पोळ्यावर टेकव. घाई नको. टेकली? आता पुठ्ठा सरकव. हळू. पोळ्याच्या दांडीसकट कापल्यासारखा सरकव."

बरणी पत्र्यावर खडखड वाजत होती. पण पोळं सुटून बरणीत पडलं आणि मागोमाग ती माशीही आतच भणभणली. पुठ्ठा दाबून धरला, दोरीने बांधला. भाभी त्यांच्या दारातून बघत होत्या. "मारू नका हं," म्हणाल्या आणि बरणी घेऊन स्कूटीवरून पार नाल्यापलीकडे सोडून आल्या. त्या येईपर्यंत आम्ही दोघांनी कूलरचा कोपरा न् कोपरा टॉर्चने बघितला. म्हणजे मी बघितला आणि हे माझ्या मागे येऊन उभे राहिले. आधी दारात होते, मग खुर्चीपाशी, मग माझ्या खांद्याशी. कधी आले ते मला कळलंच नाही.

मागची बाजू बसवून झाली. त्यांनी मोजा काढला, खिशातून फ्यूज काढला, जिन्याखाली जाऊन बोर्डात लावला आणि परत गॅलरीत आले. पाइप उचलला.

"मी पाणी भरतो. तू आत जा, बटणापाशी."

"मी नाही दाबणार."

"दुसरं कोण आहे घरात?"

मी आत गेले. बटणावर बोट ठेवलं. बाहेर टाकीत पाणी पडायला लागलं, अगदी गेल्या वर्षीसारखंच, आणि माझ्या कपाळाला घाम फुटला. पाण्याचा आवाज थांबला. ते कूलरच्या मागेच उभे होते, शेजारच्या खिडकीतून त्यांचं पिवळं हेल्मेट दिसत होतं.

"सोड!"

माझं बोट हलेना.

"अगं, ऐकलंस का?"

"पुन्हा द्या हाक," मी म्हटलं. "मोठ्याने."

आणि त्यांनी हाक दिली. खांबाच्या टोकावरून खाली द्यायचे ना, तशी. "सोऽऽड!" भाभी दुकान उघडायला निघाल्या होत्या, त्या दचकून मागे फिरल्या. मी बटण दाबलं. पंखा घरघरला आणि ओल्या गवताचा वास घेऊन गार वारा माझ्या ओल्या तोंडावर आला. मागून "अरे अरे" आलं नाही. हेल्मेट होतं तिथेच होतं.

"गार येतंय का?" त्यांनी बाहेरून विचारलं.

"येतंय."

"मग रडतेस काय? बाळाची गादी घाल तिथे."